नखी घेत नाही

गोलिया, ३ ऑक्टोबर १९८४

तिहोमिर,

अक्षर बघून हसू नकोस. पेन्सिलीने लिहितोय, कारण शाई घेतली की कागदापेक्षा टेबलावरच जास्त सांडते. मिलुंका म्हणाली, तुम्ही सांगा, मी लिहिते. पण सख्ख्या भावाला बायकोच्या हातून पत्र धाडायची वेळ अजून आलेली नाही.

कामाचं लिहितो. बाबांच्या बंदुकीला तू नवी नळी बसवलीस तेव्हा मोठा पराक्रम केल्यासारखा हिंडत होतास. काडतूस आखूड, खांद्याला धक्का कमी, सगळं खरं. पण खालची काडतुसांची पेटी राहिली जुनीच, फौजेच्या लांब काडतुसाच्या मापाची. आखूड काडतूस तिच्यात पुढे घसरतं आणि नाक खाली खुपसून बसतं. अंगठ्याने मागे रेटून दाबलं तरच जागेवर राहतं. इतकी वर्षं दाबत आलो. आता अंगठा माझं ऐकत नाही. दाबायला गेलो की तोच थरथरतो, आणि काडतूस पाचोळ्यात पडतं.

म्हणून पेटीचा नाद सोडला. एकेक काडतूस सरळ नळीत टाकतो आणि बोल्टचा दांडा पुढे ढकलतो. तर बोल्ट बंदच होत नाही. तू शंभरदा बजावलं होतंस ते आठवलं. बोल्टच्या टोकाची ही नखी काडतुसाला पेटीतून वर येतानाच बुडाशी धरते. आधीच नळीत जाऊन बसलेलं काडतूस तिला परकं वाटतं. ती त्याच्या कडेवर आपटते आणि अडून बसते. जोर केला तर नखीच तुटायची.

तू कानस घे आणि नखीच्या तोंडाला जरा उतार दे, म्हणजे ती कडेवरून सरकून पलीकडे बसेल. मिलाशिनच्या मेहुण्याला तू हे करून दिलंस म्हणे. परक्याला दिलंस तर मलाही दे.

डिसेंबरात डुकरांचा हाका आहे. मिलाशिन आता शिकारी मंडळाचा अध्यक्ष झालाय. तो म्हणाला, काका, बीचच्या झाडाखालची जागा तुमचीच. बाबा बसायचे तीच. नियम तुला माहीत आहे, जागेवर बसल्याशिवाय बंदूक भरायची नाही आणि ज्याची त्याने भरायची. मला तिथे एकदा बसायचंय. पुढच्या वर्षी मला कोणी विचारेल असं वाटत नाही.

तुझा,
विलोतिये


चाचाक, १० ऑक्टोबर १९८४

दादा,

अक्षर बघून हसलोच. शाळेत मास्तर तुला म्हणायचे की कोंबडी नाचून गेली. कोंबडी म्हातारी झाली, एवढाच फरक.

बोल्टवर जोर करू नकोस. तुझ्या त्या हट्टी मनगटापुढे नखी टिकायची नाही, आणि तसली नखी आता शोधून मिळत नाही. मिलाशिन मंडळाच्या कामाने इकडे येणार आहे, त्याच्याबरोबर कागदपत्रांसह बंदूक धाडून दे. काम फारसं नाही. पण तोंड जास्त घासलं गेलं तर नखी पकडायचंच विसरते, आणि रिकामं टरफल नळीत राहून जातं. तेव्हा घाई करणार नाही, तूही घाई करू नकोस.

नव्या नळीला नावं ठेवलीस ते लक्षात ठेवीन. तिच्यामुळेच तुझा खांदा शाबूत राहिलाय. डॉक्टर हाताबद्दल काय म्हणाला ते लिहिलं नाहीस. लिहिलं नाहीस म्हणजे चांगलं काही म्हणाला नसणार. गोळ्या घेतोयस की मिलुंकावहिनी समोर असताना तोंडात टाकून मागच्या दारी थुंकतोयस?

बीचखालच्या जागेचं वाचून बरं वाटलं. तिथे एकदा बाबांच्या शेजारी बसून मला झोप लागली होती आणि डुक्कर निघून गेलं होतं. बाबांनी सगळ्यांना सांगितलं की त्यांनाच झोप लागली. तुला आठवतं?

तिहोमिर


गोलिया, १६ ऑक्टोबर १९८४

तिहोमिर भाऊजी,

मी तुम्हाला कधी पत्र लिहीत नाही, म्हणून पाकीट बघूनच तुम्ही घाबराल. घाबरू नका, सगळे जिवंत आहेत. पण अगदी थोडक्यात वाचले आहेत, तेच सांगायला बसले.

बंदूक मिलाशिनबरोबर गेली. माझं एवढंच मागणं आहे की ती दुरुस्त करू नका.

यांनी तुम्हाला हाताचं लिहिलं असेल, डोळ्यांचं लिहिलेलं नसणार. शर्टाची बटणं मी लावते. ते म्हणतात हात कापतो म्हणून. पण परवा शेजारच्या कुंपणावर वाळत घातलेल्या घोंगडीला ते बराच वेळ हाका मारत होते, अरे ए, आत ये की म्हणून.

सप्टेंबरात ते एकटेच बंदूक घेऊन ओढ्याच्या वरच्या अंगाला गेले होते. तिथे गावातली स्ताना लाकडं गोळा करत होती. तपकिरी शाल पांघरून वाकलेली. तिला मागे काहीतरी वाजल्यासारखं झालं, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखं, पुन्हा पुन्हा. वळून बघते तर हे झाडाआड, बंदूक तिच्याकडे, आणि बोल्ट बंद करायची धडपड चाललेली. तिने नावाने हाक मारली तेव्हा यांनी बंदूक खाली केली. म्हणाले, साफ करत होतो. स्तानाने हे फक्त मला सांगितलं आणि माझ्या चुलीपाशी बसून रडली. तिची तीन लेकरं आहेत.

बंदुकीने नाही म्हटलं म्हणून ती बाई आज जिवंत आहे. तुम्ही बंदुकीला हो म्हणायला शिकवू नका.

तुम्ही म्हणाल, वहिनी, तूच त्याला सांग. सांगून पाहिलं. हाक्याला जाऊ नका म्हटलं तर दोन दिवस जेवले नाहीत. माझं ऐकत नाहीत, डॉक्टरचं ऐकत नाहीत. तुमच्या कामावर मात्र त्यांचा देवासारखा विश्वास आहे. तुम्ही केलं म्हणालात तर झालं असंच धरून चालतील, उघडून बघणारही नाहीत. मला स्तानाचं भय वाटतं आणि यांचंही. माणूस मारून आलेल्या माणसाला मी घरात कसं घेऊ?

हे पत्र जाळून टाका.

मिलुंका


चाचाक, २९ ऑक्टोबर १९८४

प्रिय दादा,

बंदूक मिलाशिनबरोबर परत पाठवत आहे. काम झालं आहे. नखीचं तोंड घासलं आहे, आता ती घेईल.

मात्र घरी उगाच काडतूस घालून बघत बसू नकोस. नवीन घासलेली नखी पुन्हा पुन्हा काडतुसावर चढवली तर सैल होते. सरळ हाक्याच्या दिवशी जागेवर बसलास की भर.

डोंगरात थंडी पडली असेल. लोकरीचे मोजे घाल.

तुझा भाऊ,
तिहोमिर

(याच पाकिटात, वहिनीच्या नावाची चिठ्ठी.)

वहिनी, तू म्हणालीस तसं केलं. म्हणजे काहीच केलं नाही. बंदूक दहा दिवस टेबलावर पडून होती आणि मी रोज तिच्यावरची धूळ पुसत होतो. दादाशी आयुष्यात एकदाच खोटं बोललो होतो, तेही सफरचंदांवरून. हे दुसरं. तू म्हणालीस म्हणून बोललो असं मी कधीही म्हणणार नाही. बोललो तो मीच.


गोलिया, १२ डिसेंबर १९८४

तिहोमिर,

हाका झाला. तुला ऐकायची घाई असेल म्हणून लगेच लिहितोय.

बर्फ घोट्याएवढं होतं. मिलाशिनने मला हाताला धरून बीचखाली नेलं. मी त्याला म्हटलं, ही वाट मी तुझ्या बापाला दाखवली होती. तो हसला, पण हात काही सोडला नाही.

बंदूक झकास. काडतूस टाकलं, बोल्ट पुढे केला, नखीने लोण्यासारखं घेतलं. तुझ्या हातची गोष्टच वेगळी.

मग हाकारे निघाले. त्यांचं ओरडणं ऐकू आलं आणि कुत्री भुंकायला लागली. थोड्या वेळाने डुक्कर आलं. मोठा नर, एकटा, माझ्यासमोरून, त्या वळणाच्या दगडाजवळून. बाबा म्हणायचे ना की ते तिथूनच जातं. तिथूनच गेलं. मी बंदूक वर केली, आणि हात असा काही कापायला लागला की मी ती खाली ठेवली. डुक्कर निघून गेलं. संपलं.

संध्याकाळी रीतीप्रमाणे मंडळाचं कोर्ट भरलं. मिलाशिन न्यायाधीश, डोक्यावर मेंढीचं कातडं. माझ्यावर आरोप ठेवला, समोरून गेलेल्या डुकराला नमस्कार घातला. मला बाकावर पालथं घातलं आणि हेझलच्या फोकाने तीन फटके. हळूच मारले, म्हाताऱ्याला मारतात तसे. तेच जास्त लागले. कोणीतरी म्हणालं, बंदूक अडली का काका? मी म्हटलं, माझ्या भावाच्या हाताखालून गेलेली बंदूक अडत नाही. अडलो तो मी. सगळे खूप हसले. मीही हसलो. प्यायला राकिया भरपूर होती.

बंदूक पुसून खिळ्याला टांगलीय. तू मेहनत घेतलीस, तिचं चीज झालं नाही, याचं वाईट वाटतं.

विलोतिये


चाचाक, २० डिसेंबर १९८४

वहिनी,

दादाचं पत्र आलं. त्यात लिहिलंय, नखीने लोण्यासारखं घेतलं.

वहिनी, त्या नखीला मी कानस लावलेलीच नाही. ती घेणं शक्य नाही. दादाने जागेवर बसून काडतूस टाकलं असेल तेव्हा ती अडलीच असणार. म्हणजे तो सगळा वेळ रिकामी बंदूक मांडीवर घेऊन तिथे बसला, डुक्कर समोरून जाऊ दिलं, आणि मग सगळ्या गावासमोर बाकावर पालथा पडला. का, तर चाचाकच्या तिहोमिरचं काम बिघडलं असं कोणी म्हणू नये म्हणून.

मी इथे दुकानात बसलोय. गिऱ्हाईक म्हणतं, तुमच्यासारखा कारागीर नाही. मला ऐकवत नाही. नाताळात येऊन त्याच्या तोंडावर सगळं सांगून टाकतो. तू नुसतं येऊ की नको ते कळव.

तिहोमिर


गोलिया, ९ जानेवारी १९८५

भाऊजी,

बरं झालं आला नाहीत. रस्ताही बंद होता, आणि हे नाताळच्या मेजावर दोन घास खाऊन उठले.

त्या दिवशी हे हाक्यावरून आले. खिशातून काडतूस काढलं आणि कोपऱ्यात संताच्या तसबिरीखाली उभं करून ठेवलं. न उडालेलं. मी ते बघितलं, आणि मी बघितलं हे त्यांनीही बघितलं. मग बंदूक खिडकीशी नेली आणि बोल्ट काढून नखीच्या तोंडावर बोट फिरवत बसले. डोळे गेले तरी बोटांना कळतं हो. घासल्याची खूण लागली नाही तेव्हा बोट थांबलं. एवढंच म्हणाले, "तिहोमिर थकला असेल."

मला वाटलं आता विचारतील, मिलुंका, तुला काही माहीत होतं का? विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही, आणि मी आपण होऊन सांगितलं नाही. भाऊजी, सगळा दोष तुमच्या माथी जातोय आणि मी चुलीपाशी बसून तो जाऊ देतेय. रोज ठरवते आज सांगायचं. मग ते मोज्यात पाय घालायची खटपट करत असतात, मी मोजे घालून देते, आणि सांगायचं राहून जातं.

छातीत कफ झालाय. बर्फात बसल्यापासून खोकतात. डॉक्टर आला होता, मान हलवून गेला.

मिलुंका


चाचाक, १७ फेब्रुवारी १९८५

दादा,

मिलाशिन या आठवड्यात इकडे येणार आहे. त्याच्याबरोबर बंदूक एकदा परत पाठव. मला वाटतं मागच्या वेळी माझ्याकडून नीट झालं नसावं. पुन्हा बघतो. पुढच्या हाक्याला अजून पुष्कळ वेळ आहे.

खोकला कसा आहे?

तिहोमिर


गोलिया, २ मार्च १९८५

तिहोमिर,

हे पत्र एका बैठकीतलं नाही. दमलो की ठेवतो, दुसऱ्या दिवशी पुढे लिहितो. त्यामुळे कुठे रागावल्यासारखं वाटलं तर तो त्या दिवसाचा राग समज.

नीट झालं नसावं, म्हणतोस. लहानपणी सफरचंदं खाऊन आलास तेव्हा तू मला 'प्रिय दादा' म्हणाला होतास. ऑक्टोबरातल्या पत्रावर ते वाचलं तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण कामाच्या बाबतीत तू खोटं बोलशील हे डोक्यातच आलं नाही.

बीचखाली बसलो, काडतूस टाकलं, नखी अडली. हाका सुरूही झाला नव्हता. मिलाशिनला हाक मारता आली असती. मी काडतूस परत खिशात ठेवलं. आधी तुझा राग आला, खोटं कशाला सांगू. मग थोड्या वेळाने बंदूक कुठून कुठे गेली आणि आली ते मनात फिरत राहिलं, आणि उलगडा झाला. मिलुंकाने ऑक्टोबरात पोस्टाचं तिकीट मागवलं होतं. जी बाई स्वतःच्या बहिणीला पत्र लिहीत नाही तिला तिकीट कशाला लागतं? तिला वाटतं मला दिसत नाही. तिला काही विचारू नकोस, आणि मला कळलंय हेही सांगू नकोस. ती रोज सकाळी मोजे घालताना काहीतरी बोलायला तोंड उघडते आणि मिटते. मीच तिला सोडवायला हवं, पण मला शब्द सापडत नाही.

स्तानावर मी बंदूक धरली होती. मला हरीण दिसलं होतं. तिने नावाने हाक मारली तेव्हा हरणाला माझं नाव कसं ठाऊक, असा विचार माझ्या मनात आला. इतपत मी गेलेलो आहे. म्हणजे तुम्ही दोघांनी केलं ते बरोबरच केलं. मीही तेच केलं असतं.

पण तिहोमिर, एकदा मला विचारायचं होतंस. दादा, तू बंदूक रिकामीच ने, असं तू म्हणाला असतास तर मी नेली असती. शपथेवर सांगतो, नेली असती. मला डुक्कर मारायचं नव्हतं रे. मला तिथे बसायचं होतं. कुत्री लांबून येताना ऐकायची होती. ते मिळालंही. डुक्कर त्या दगडाशी आलं आणि थांबलं. आपल्या धाकट्या खोलीएवढं अंतर होतं, तेवढ्यावरचं मला अजून दिसतं. त्याच्या पाठीवर बर्फ होतं. माझी वर्षं त्या जागेवर गेली, पण डुकराकडे नुसतं बघत मी कधी बसलो नव्हतो. नेम धरलेला असायचा. सकाळ चांगली होती. फक्त तू मला फसवून पाठवलं होतंस, एवढं एक खुपत राहिलं. ते आता इथे लिहून टाकलं. यापुढे त्याचं नाव काढायचं नाही, तूही नाही.

बाबांनी तुझी झोप आपल्या अंगावर घेतली होती ते मला आठवतं. तू विचारलं होतंस, उत्तर राहिलं होतं.

आता कामाचं. आपल्या डोंगरातली रीत तू शहरात राहून विसरला नसशील. मेलेल्याच्याच बंदुकीतून, त्याच्या भावाने, खड्ड्याशी उभं राहून तीन बार काढायचे. तुझा अंगठाही आता सत्तरीला आलाय. त्या पेटीत आखूड काडतूस दाबायला जाशील आणि सगळ्यांसमोर ते मातीत पडेल. मंडळातली पोरं तुलाही बाकावर घालायला कमी करणार नाहीत. तेव्हा त्या आधी नखी घासून ठेव. या वेळी खरोखर घास.

विलोतिये


चाचाक, २० एप्रिल १९८५

वहिनी,

दादाच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला येतो आहे. गव्हाच्या प्रसादाला लागणारे अक्रोड इकडून आणतो, तू शोधत फिरू नकोस.

तू विचारलंस, पुरायच्या दिवशी सकाळी मी गोठ्यात काय करत होतो. बंदूक घेऊन बसलो होतो. खिशात कानस घरूनच आणली होती. दादाने त्याच्या शेवटच्या पत्रात सांगितलं होतं तेच काम करत होतो. वहिनी, तू चुलीवर कॉफी ठेवली होतीस, ती उकळायच्या आत झालं. एवढंसं काम होतं ते. शेवटचे दोन हात मारताना मला दिसत नव्हतं. दादासारखंच बोटाने चाचपून केलं.

दादाने मला एक गोष्ट तुला सांगायची नाही असं बजावलं होतं. मी त्याचं ऐकणार नाही. तू मला पत्र लिहिलंस हे त्याला माहीत होतं, वहिनी. हाक्याच्या दिवसापासून, त्या पोस्टाच्या तिकिटावरून. स्तानाचंही माहीत होतं. तुम्ही केलं ते बरोबर केलं, असं त्याने स्वतःच्या हाताने लिहिलंय. पत्र घेऊन येईन, वाच. तू रोज सकाळी काय बोलायला बघायचीस ते त्याला कळत होतं. तुला सोडवायला त्याला शब्द सापडला नाही, एवढंच. म्हणून मी सांगतो आहे. आता चुलीपाशी बसून कुढू नकोस.

खड्ड्याशी तू माझ्या डाव्या हाताला उभी होतीस, म्हणून तुला माझा चेहरा दिसला नसेल. पहिलं काडतूस तू माझ्या हातात दिलंस, तसबिरीखालचं. मी ते नळीत टाकलं आणि बोल्ट ढकलला. नखी कडेवर चढली, सरकली, पलीकडे बसली. किती हलका आवाज होतो त्याचा. मागे मिलाशिन म्हणाला, म्हाताऱ्याच्या हातात अजून काय कसब आहे, आणि मला वाटलं की कुठेतरी जाऊन तोंड लपवावं. पहिला बार काढला, दुसरं टाकलं. तेही घेतलं. तिसरं टाकताना मी मनात म्हणत होतो, अड, एकदा तरी अड, मला सगळ्यांसमोर बाकावर पालथं पडू दे.

तेही तिने घेतलं. लोण्यासारखं.

तिहोमिर